मास्टर चीफ, मुक्काम पोस्ट प्लेस्टेशन

ऑक्टोबर २०२५ मध्ये सिएटलला 'हेलो वर्ल्ड चॅम्पियनशिप' भरली होती. तिथे जाहीर झालं, की २००१ सालचा पहिला 'हेलो' हा व्हिडिओ गेम नव्याने घडवला जातोय. नाव 'हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्ड', येणार २०२६ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर, पीसीवर आणि प्रतिस्पर्धी सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर, जिथे हेलो आजवर कधीच नव्हता.

गेम न खेळणाऱ्या माणसाला यात बातमी कुठे आहे ते कळणार नाही. माझ्या बायकोला कळली नाही. "म्हणजे आता जास्त लोकांना खेळता येईल. चांगलंच आहे की," असं ती म्हणाली, आणि खरं सांगायचं तर या प्रकरणावर याहून शहाणं वाक्य मी अजून वाचलेलं नाही. पण ते माझ्या गळी उतरायला वेळ लागला. १५ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकेत एक्सबॉक्स नावाचं ते काळं, अवजड खोकं पहिल्यांदा दुकानात आलं, तेव्हा विंडोज विकणाऱ्या कंपनीकडून कन्सोल कोण घेणार, असा सगळ्यांचा प्रश्न होता. हिरव्या चिलखतातला, चेहरा कधीच न दाखवणारा हेलोचा नायक मास्टर चीफ हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. लोकांनी एक्सबॉक्स घेतला आणि मग त्यावर हेलो खेळले, असं झालं नाही. हेलो खेळायचा होता म्हणून एक्सबॉक्स घ्यावा लागला.

गंमत अशी, की हेलो मुळात मायक्रोसॉफ्टचा नव्हताच. जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात तो पहिल्यांदा जगासमोर आणला स्टीव्ह जॉब्ज यांनी. शिकागोच्या बंजी या छोट्या कंपनीचा गेम, आणि तो मॅकवर दिसणार म्हणून ॲपलवाले खूश. पुढच्याच वर्षी, जून २००० मध्ये, मायक्रोसॉफ्टने अख्खी बंजीच विकत घेतली. म्हणजे ज्याच्या नावाने आम्ही पुढे निष्ठेच्या आणाभाका घेतल्या, तो स्वतः दुसऱ्याच्या मांडवातून उचलून आणलेला होता.

मी हेलोपर्यंत उशिरा पोचलो. आमच्या पिढीने नव्वदच्या दशकात ज्या यंत्रांवर बोटं झिजवली, ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं, आत खरे गेम जेमतेम वीसेक आणि बाकी सगळी त्यांचीच उलटसुलट आवर्तनं. मारिओ खेळलो, काँट्रा खेळलो, आणि निन्टेन्डो हे नाव ऐकलंसुद्धा नव्हतं. पुढे प्लेस्टेशन २ बघितलं तेही चिप बसवलेलं, आणि डिस्क फुटपाथवरच्या. कुठला गेम कुठल्या कंपनीचा, हा प्रश्न पडायला आधी त्या गेमचे पैसे कंपनीला द्यावे लागतात. ती वेळ आमच्यावर नोकरी लागल्यानंतर आली.

एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ मध्ये आला. जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग होते. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तो आला त्यानंतर बराच काळ गेल्यावर, चौघांनी वर्गणी काढून. 'हेलो ३' एका टीव्हीवर चौघांना खेळता येतो. पडद्याचे चार तुकडे होतात आणि आमच्या टीव्हीवर प्रत्येकाच्या वाट्याला वहीच्या पानाएवढा चौकोन यायचा. आपला चौकोन सोडून शेजारच्याच्या चौकोनात डोकवायचं, तो कुठल्या भिंतीआड दबा धरून बसलाय ते बघायचं आणि नेमका तिथे ग्रेनेड टाकायचा. मग शिव्या. मग टीव्हीवर पुठ्ठ्याची आडभिंत लावायची सूचना, जी कधीच अमलात आली नाही. आमच्या एका मित्राकडे सोनीचा प्लेस्टेशन ३, म्हणजे पीएस३ होता. तो यायचा, पोहे खायचा, एखादा डाव खेळायचा आणि जाताना हमखास म्हणायचा, "बाकी ठीक आहे रे, पण तुमच्याकडे क्रेटोस नाही." क्रेटोस म्हणजे प्लेस्टेशनवरच्या 'गॉड ऑफ वॉर'चा नायक. आम्ही म्हणायचो, "तुझ्याकडे चीफ नाही." एका अमेरिकी आणि एका जपानी कंपनीच्या विक्री विभागांनी आखलेली ती सीमा, आणि तिच्यावर पुण्यात पहारा देत होतो आम्ही. बिनपगारी.

हा पहारा कशासाठी होता ते पुढे कोर्टाच्या कागदांतून कळलं. २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या उपाध्यक्ष लोरी राइट यांनी साक्ष दिली, की एक्सबॉक्स कन्सोल कंपनीने आजवर कधीच नफ्यात विकलेला नाही. पैसा येतो तो नंतर. त्या यंत्रावर जो गेम विकला जाईल, मग तो कुणीही बनवलेला असो, त्यातले साधारण तीस टक्के यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे. म्हणून गिऱ्हाईक एकदा आपल्या दारातून आत आलं पाहिजे, आणि ते आत यावं यासाठी दुसरीकडे मिळतच नाही असं काहीतरी दारात मांडून ठेवलं पाहिजे. चीफ त्यासाठी होता. क्रेटोसही.

हे गणित एक्सबॉक्सपुरतं बिघडलं ते २०१३ मध्ये. एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला, पीएस४ ३९९ला, आणि वर एक्सबॉक्स दिवसातून एकदा तरी इंटरनेटला जोडावाच लागणार अशी आधी झालेली घोषणा. ती मागे घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं. पीएस४ ११ कोटींच्या वर विकला गेला आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून आपल्या कन्सोलविक्रीचे आकडे सांगणंच थांबवलं. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर मे २०२३ मधल्या एका मुलाखतीत यावर मोकळेपणाने बोलले. हरायचीच होती तर कन्सोलची दुसरी कुठलीही पिढी हरलो असतो तर चाललं असतं, पण लोकांनी आपला डिजिटल संग्रह उभारला तीच पिढी आम्ही हरलो, असा त्यांचा सूर होता. त्यांच्या 'स्टारफील्ड' या गेमला दहापैकी अकरा गुण पडले तरी कुणी आपला पीएस५ विकायला काढणार नाही, अशा अर्थाचंही ते बोलले. एवढ्या वरच्या खुर्चीवरचा माणूस असं बोलतो तेव्हा त्याच्या मनात पुढचं ठरलेलं असतं. त्यात मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला गेम बनवणारी बेथेस्डा घेतली होती आणि २०२३ मध्ये ६८.७ अब्ज डॉलरला तशीच ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड. एवढा पैसा ओतल्यावर माल फक्त आपल्याच, त्यातही लहान पडलेल्या दुकानात मांडून चालत नाही.

मग फेब्रुवारी २०२४. आधी एक्सबॉक्सचे गेम प्लेस्टेशनवर जाणार अशा अफवा, मग एक्सबॉक्सवाल्यांचा आक्रोश, कुणी कन्सोल विकायला काढला, कुणी रडवेले व्हिडिओ टाकले. १५ तारखेला स्पेन्सर आणि त्यांचे सहकारी सारा बाँड आणि मॅट बूटी असे तिघं कंपनीच्या पॉडकास्टवर आले आणि म्हणाले, फक्त चार गेम बाहेर जाणार आहेत. कुठले चार ते सांगितलं नाही. 'स्टारफील्ड' आणि येऊ घातलेला 'इंडियाना जोन्स' त्यांत नाहीत, एवढं मात्र आवर्जून सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये 'इंडियाना जोन्स' पीएस५ वर आला. त्याच महिन्यात 'फोर्झा होरायझन ५'. मग २६ ऑगस्ट २०२५ हा दिवस तर मला फार आवडतो. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टचा 'गिअर्स ऑफ वॉर' पहिल्यांदा प्लेस्टेशनवर गेला, आणि सोनीने प्रकाशित केलेला 'हेलडायव्हर्स २' एक्सबॉक्सवर आला, तोही हेलोमधल्या सैनिकांची चिलखतं घेऊन. ती चिलखतं पीएस५ वरच्या खेळाडूंनाही मिळत होती. आमच्या फ्लॅटमधल्या भांडणाचा निकाल असा परस्पर लागला. क्रेटोस तर आधीच, जानेवारी २०२२ मध्ये, पीसीवर गेला होता, म्हणजे चक्क विंडोजवर. हे मी त्या मित्राला तेव्हाच सांगायला हवं होतं.

सोनी का निघाली बाहेर? तिला काही कन्सोल विकायची भ्रांत नव्हती. तिचं उत्तरही कोर्टातच सापडलं, आणि तेही वेंधळेपणाने. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ॲक्टिव्हिजनच्या खरेदीविरुद्ध खटला चालवला. त्यात सोनीची काही कागदपत्रं काळ्या मार्करने आकडे झाकून दाखल झाली. स्कॅन केल्यावर मार्करखालचे आकडे वाचता येत होते. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'ला सुमारे २२ कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१.२ कोटी डॉलर. एवढा खर्च एकाच यंत्राच्या मालकांकडून वसूल करायचा म्हणजे त्यातल्या फार मोठ्या हिश्शाने तो गेम घेतलाच पाहिजे. म्हणून मग वर्ष-दोन वर्षं घरात ठेवून नंतर पीसीवर सोडायचा, असा सोनीचा मध्यममार्ग. निन्टेन्डो अजून कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाही, मोबाइलवरचे किरकोळ प्रयोग सोडले तर. तिला ते परवडतं.

या वाटेवरून फार आधी गेली ती जपानची सेगा, आणि ती गेली तेव्हा तिच्यापुढे दुसरी वाट उरलेली नव्हती. ३१ जानेवारी २००१ ला तिने आपल्या ड्रीमकास्ट या कन्सोलचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. यापुढे कन्सोल नाही, फक्त गेम, आणि तेही सगळ्यांच्या कन्सोलवर. 'सेगा जे करते ते निन्टेन्डोला जमत नाही' अशा आशयाच्या जाहिराती एके काळी तिनेच अमेरिकेत केल्या होत्या. तिच्या गेमचा नायक सोनिक त्याच वर्षीच्या डिसेंबरात निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर धावला. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा तेव्हा आजारी होते. त्यांनी सेगाकडचं आपलं वैयक्तिक येणं माफ केलं, आपले शेअर कंपनीला परत दिले आणि मार्च २००१ मध्ये ते गेले. व्यवसायाच्या गोष्टी वाचताना सहसा डोळे पाणावत नाहीत, ही वाचताना पाणावतात. आणि नंतर काय झालं? सेगा मेली नाही. कन्सोल सोडल्यावर जवळजवळ पाच वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, तिने प्लेस्टेशन २ वर 'याकुझा' आणला. ती मालिका आजही जोरात आहे. कधी काळी ज्याच्याशी हाडवैर होतं त्याच्याच अंगणात तिचं बस्तान बसलं.

पण त्याच सेगाने ड्रीमकास्टसाठी डिसेंबर १९९९ मध्ये 'शेनम्यू' केला होता. यू सुझुकी यांचा गेम. जपानमधलं योकोसुका, ऐंशीच्या दशकातला हिवाळा, आणि वडिलांच्या खुन्याला शोधणारा पोरगा. तो पोरगा शोध सोडून खेळण्याच्या यंत्रात नाणी टाकत बसू शकतो, घरातले ड्रॉवर उघडून बघू शकतो, बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी करू शकतो. त्या काळात अशक्य वाटावा इतका पैसा त्यावर ओतला गेला. नफ्याचा हिशेब मांडून कुणीही याला मान्यता दिली नसती. दिली, कारण सेगाला आपल्या यंत्राची शान दाखवायची होती.

माझं घोडं अडतं ते इथे. बायकोचं वाक्य बरोबर आहे हे कबूल करूनही अडतं. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीच्या यंत्रावर मिळणारा गेम हा गिऱ्हाइकावर अन्याय होता, यात मला शंका नाही. एक गेम खेळण्यासाठी चाळीस-पन्नास हजारांचं दुसरं यंत्र घ्यायला लावणं, तेही आपल्या देशात, ही शुद्ध अडवणूक होती. पण त्या अडवणुकीच्या पोटी एक राजाश्रयही चालत होता. फुमितो उएदा यांचा 'इको' २००१ मध्ये सोनीकडून आला आणि फारसा खपला नाही, तरी सोनीने त्यांना 'शॅडो ऑफ द कोलोसस' करू दिला. 'बेयोनेटा २'ला पुरेसा पैसा मिळेना, तेव्हा निन्टेन्डोने तो आपल्या अंगावर घेतला. तो फक्त तिच्या वी यू या कन्सोलवर येणार म्हणून लोक चिडले, पण निन्टेन्डो नसती तर तो कुठेच आला नसता. दरबाराला आपल्या पदरी एक तरी असा माणूस हवा असतो ज्याच्याबद्दल शेजारच्या दरबारात हेव्याने बोललं जाईल. त्याची मैफल किती तिकिटं खपवते हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि फेब्रुवारी २०२४ च्या त्या चार गेममधला 'पेंटिमेंट'. सोळाव्या शतकातलं बव्हेरिया, एक मठ, एक खून आणि पोथ्या रंगवणारा एक चित्रकार. पात्रांची बोलणी त्यांच्या पायरीप्रमाणे वेगवेगळ्या अक्षरांत उमटतात: मठवासीयाची वळणदार लिपीत, छापखानेवाल्याची खिळ्यांत. मारामारी जवळजवळ नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या ऑब्सिडियन या स्टुडिओतल्या डझनभर लोकांनी तो केला. त्याचा दिग्दर्शक जॉश सॉयर याने तेव्हा सांगितलं होतं, की मायक्रोसॉफ्टची गेम पास ही वर्गणीची योजना नसती तर त्याने असा गेम करायचा प्रस्ताव मांडलाच नसता. मला हा गेम गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या स्फोट-गोळीबारांहून जास्त आवडला. तो आता प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोच्या स्विचवरही मिळतो याचा मनापासून आनंद आहे. पण तो आधी जन्माला आला कुणाच्या जिवावर, हे विसरता येत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराज १९२२ मध्ये गेले आणि त्यानंतर अल्लादिया खाँसाहेब दरबार सोडून मुंबईला आले. मुंबईत मैफली होत्या, शिकवण्या होत्या, ऐकणारे पुष्कळ होते. त्यांची गायकी कोल्हापूरच्या वाड्यात राहिली असती तर आपल्यापर्यंत कितपत पोचली असती कुणास ठाऊक. तेव्हा राजाश्रय गेला की कला बुडते, असं मी म्हणणार नाही. फक्त दरबार आणि तिकीटखिडकी यांच्यामध्ये तेव्हा रसिक धनिक होते, पुढे म्युझिक सर्कल आली. गेमच्या दुनियेत ती मधली जागा मला दिसत नाही. २२ कोटी डॉलरचा गेम आणि दहा-बारा पोरांनी जमवलेला गेम, ही दोन टोकं आहेत.

लहान टोकाचं एक उदाहरण तर आपल्याच पुण्यातलं. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वाड्यांचं वळण, भावाला शोधणारी मुलगी. १८ ऑगस्ट २०२० ला तो आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर आला, आणि दोनेक महिन्यांनी बाकीच्या यंत्रांवर. निन्टेन्डो तेव्हा भारतात अधिकृतपणे कन्सोल विकतच नव्हती. म्हणजे पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या माणसाला सरळ मार्गाने खेळता येईना. मी वैतागलो होतो. पण निन्टेन्डोच्या कार्यक्रमात झळकल्यामुळे जगभरच्या लोकांनी या गेमचं नाव ऐकलं, हेही तितकंच खरं. नवख्या स्टुडिओने अशी संधी नाकारावी असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

राग मला एकाच गोष्टीचा आला. त्या चारांतला 'हाय-फाय रश', मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या, टोकियोच्या टँगो गेमवर्क्स या स्टुडिओचा. ठेक्यावर चालणारी, रंगांनी फुटणारी, आनंदी मारामारी. गाण्याच्या मात्रेवर नायकाची पावलं पडतात आणि झाडंसुद्धा डोलतात. मार्च २०२४ मध्ये तो पीएस५ वर गेला. ७ मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टने टँगो बंद करत असल्याचं जाहीर केलं. जास्त लोकांपर्यंत गेम नेल्याने तो बनवणारे जगतात, हे ऐकून मी आधीच्या निर्णयाला मान डोलावली होती, आणि दोन महिने उलटायच्या आत हे. ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टनने तो स्टुडिओ उचलला म्हणून निभावलं. जुलै २०२५ च्या कपातीत 'परफेक्ट डार्क' या जुन्या गेमचं नवं रूप आणि ते घडवणारा स्टुडिओ, दोन्ही गेले. त्यांना कुणी उचललं नाही. कुंपण काढल्यावर आतल्यांना मोकळं रान मिळतं, तसा निवाराही जातो. कंपन्या पहिल्या गोष्टीची जाहिरात करतात.

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. त्याला ही सगळी कथा मी रंगवून सांगितली. "मामा, पण तुम्ही भांडत कशावर होतात नक्की?" एवढंच त्याने विचारलं. त्याच्या टोळीत एकाकडे पीएस५ आहे, दोघांकडे पीसी, एक फोनवर, आणि सगळे एकाच डावात खेळतात. सोनीने फोर्टनाइट या गेमसाठी ही परवानगी सप्टेंबर २०१८ मध्ये, बरीच ताणून धरल्यावर दिली, हे सांगायला लागलो तर तो उठून गेला.

नव्या हेलोत ऑनलाइन चौघांना मिळून मोहीम खेळता येणार आहे, एक्सबॉक्स, पीसी, पीएस५, कुणी कशावरही असो. एकमेकांना मारायचा तो जुना प्रकार नाही. एका टीव्हीवर मात्र दोघंच. आमच्या फ्लॅटमधले आता एक बंगळुरूला, एक नाशिकला, एक डब्लिनला. पीएस३वाल्या मित्राने बातमी आल्या आल्या ग्रुपवर लिहिलं, "शेवटी आलात ना आमच्या दारात!" त्याच्याकडे आता पीएस५ आहे आणि तो हेलो घेणार आहे. चौघांचं जमेल तेव्हा जमेल. तो जेवढे पैसे मोजेल त्यातले साधारण तीस टक्के सोनीचे आणि उरलेले मायक्रोसॉफ्टचे. इतकी वर्षं चीफला नावं ठेवून अखेर मायक्रोसॉफ्टला पैसे देणारा आमच्यात तोच नवा. हा हिशेब मी ग्रुपवर टाकलेला नाही. दिवाळीला पुण्यात येणार आहे तो, तेव्हा तोंडावर सांगेन.